आयसोलेशन सेंटर: साथीच्या काळात घराबाहेर वेगळं राहायची सोय, माझा रिव्ह्यू

हॉटेलचे, मोबाईलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळे लिहितात, पण साथ आली की ज्या सेवेवर हजारो घरांचं भवितव्य ठरतं तिच्याबद्दल कोणी नीट लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. सेवा म्हणजे डेडिकेटेड आयसोलेशन सेंटर. हे हॉस्पिटल नाही हं. टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्रास सौम्य आहे, ऑक्सिजनची गरज नाही, पण घरी राहिलात तर घरच्यांना लागण होणार हे जवळजवळ ठरलेलं, अशा माणसांसाठी वेगळी उभी केलेली जागा. कोविडमध्ये मी स्वतः अशा एका सेंटरमध्ये राहिलेय, आणि नंतर जगात कुठे कुठे हे कसं केलं गेलं याबद्दल मिळेल ते वाचत आलेय, तर हा रिव्ह्यू एका सेंटरचा नाही, या सगळ्या प्रकाराचा आहे.

आधीच सांगते, नीट चालवलेल्या सेंटरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि वाईट चालवलेल्याला शून्य. एक दोन सुद्धा नाही, शून्यच. कारण वाईट सेंटर नुसतं निरुपयोगी नसतं, ते साथ वाढवतं. तिथले संडास तुंबलेत, कोणी विचारायला येत नाही, आत गेलेल्याचा फोन लागत नाही, अशी बातमी एकदा वस्तीत पसरली की लोक ताप लपवतात, टेस्टच करत नाहीत, पॅरासिटामॉल घेऊन कामावर जातात, आणि मग तुम्ही दहा हजार बेड टाकून ठेवा नाहीतर पन्नास हजार, त्यात येणार कोण? म्हणून मला राहून राहून वाटतं की सेंटरमधल्या माणसाची सोय बघणं हे काही लाड नाहीत, साथ रोखायचं मुख्य काम तेच आहे. हा पूर्ण रिव्ह्यू त्या एका मुद्द्याभोवतीच फिरणारे.

मुळात घरी का नको ते आधी. "एका खोलीत वेगळे राहा" हे सांगायला सोपं आहे पण ज्यांच्याकडे खोलीच एक आहे त्यांनी काय करायचं? आणि खोल्या तीन असल्या तरी संडास एक, हवा एक, शिवाय आजारी माणसाला ताट द्यायला, अंगावर पांघरूण घालायला कोणीतरी जातंच, आणि बहुतेक वेळा ती घरातली बाईच असते, तिला लागण झाली की पाठोपाठ म्हातारी माणसं. चीनच्या वुहानमध्ये जानेवारी २०२० मध्ये नेमकं हेच झालं. हॉस्पिटलं भरली, सौम्य त्रास असलेल्यांना घरी जा म्हणून सांगितलं, आणि एकेका घरात सगळेच आजारी पडायला लागले. मग त्यांनी स्टेडियम आणि प्रदर्शनाचे हॉल ताब्यात घेऊन फांगत्सांग नावाची तात्पुरती रुग्णालयं उभी केली. पहिली तीन ५ फेब्रुवारी २०२० च्या सुमारास सुरू झाली, एकूण १६ झाली, मिळून साधारण १३,००० बेड, त्यात जवळपास १२,००० लोक राहून गेले आणि १० मार्चला शेवटची सुद्धा बंद झाली. महिना सव्वा महिन्याचा सगळा खेळ. अर्थात त्याच काळात तिथे कडक लॉकडाऊन पण होता, त्यामुळे सगळं श्रेय सेंटरांना देणं बरोबर नाही, पण घरातल्या घरात पसरणारी साखळी तोडायला लॉकडाऊनचा उपयोग नसतो, उलट लॉकडाऊनमध्ये घरची माणसं चोवीस तास एकत्र कोंडली जातात. ती साखळी फक्त माणूस घरातून बाहेर काढल्यावरच तुटते. सिंगापूरच्या अभ्यासकांनी २०२० मध्येच मॉडेल मांडून दाखवलं होतं की घरच्या आयसोलेशनपेक्षा वेगळ्या केंद्रातल्या आयसोलेशनने कितीतरी जास्त लागण टळते. मॉडेल आहे ते, प्रत्यक्षातला प्रयोग नाही, पण घरात काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना त्यात नवल वाटणार नाही.

आता आतली सेवा. लोकांना वाटतं खाटा टाकल्या की सेंटर झालं. नाही हो. खाटा हा सगळ्यात सोपा भाग. या सेंटरचं खरं काम आहे लक्ष ठेवणं आणि बिघडलं की लगेच हॉस्पिटलला पाठवणं. कोविडमध्ये माणूस हसत बोलत बसलेला असतो आणि रक्तातला ऑक्सिजन मात्र खाली खाली जात असतो, त्याला स्वतःला धाप सुद्धा जाणवत नाही. घरी हे कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सेंटरमध्ये दिवसातून ठरलेल्या वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावला, सहा मिनिटं चालायला लावून परत लावला, की आकडा बोलतो. ९४ च्या खाली गेला की थांबायचं नाही. मी होते तिथे नर्स लोक हे मन लावून करायचे, रात्रीच्या पाळीला दोनच माणसं असायची पण फेरी चुकली नाही, आणि माझ्या समोरच्या बेडवरच्या काकांना ते स्वतः "मला काही झालं नाही" म्हणत असताना अॅम्ब्युलन्समध्ये बसवलं होतं. मी साडेचार म्हणते त्यातले दोन गुण याच गोष्टीचे आहेत.

याबाबतीत मला सगळ्यात आवडलेलं मॉडेल दक्षिण कोरियाचं. फेब्रुवारी २०२० मध्ये देगू शहरात एकदम केसेस वाढल्या, बेड संपले, काही जण घरी बेडची वाट बघत असतानाच गेले. मार्चच्या सुरुवातीपासून त्यांनी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांची होस्टेलं घेतली आणि तिथे सौम्य पेशंट ठेवले. खोली आहे, दार आहे, स्वतःचं बाथरूम आहे. ताप आणि बाकी नोंदी पेशंटने स्वतः फोनवरून करायच्या, डॉक्टर व्हिडिओ कॉलवर, आणि मागे एक मोठं हॉस्पिटल जोडलेलं, म्हणजे बिघडलं तर कुठे न्यायचं याचा शोध त्यावेळी घ्यायचा नाही, ते आधीच ठरलेलं. कमी डॉक्टरांत जास्त पेशंट सांभाळता आले आणि माणसाला माणसासारखं राहता आलं. सरकारी होस्टेलं रिकामी सगळीकडेच असतात, हॉलमध्ये पुठ्ठ्याचे पार्टिशन लावण्याआधी त्यांचा विचार का होत नाही मला कळत नाही.

याच्या उलट उदाहरण लंडनचं. एप्रिल २०२० मध्ये एक्सेल प्रदर्शन केंद्रात ४,००० बेडच्या क्षमतेचं नाईटिंगेल हॉस्पिटल उभं केलं, काही दिवसांत उभं राहिलं, बांधकाम म्हणून जबरदस्त, पण पहिल्या लाटेत तिथे ५४ पेशंट आले. कारण ते व्हेंटिलेटरवरच्या गंभीर पेशंटसाठी होतं आणि त्यांना सांभाळणाऱ्या अनुभवी नर्स हॉलसारख्या आठवड्यात उभ्या राहत नाहीत. बेड आणि नर्स यांचा हिशोब वेगवेगळा करायची चूक सगळीकडे होते. सौम्य पेशंटचं सेंटर असेल तर थोड्या प्रशिक्षित माणसांवर चालतं, तिथेच या कल्पनेची ताकद आहे. गंभीर पेशंट हॉलमध्ये आणायला गेलात की ती ताकद संपली.

हवेचा मुद्दा, आणि इथे मी जरा लांब बोलणार कारण यावर सगळ्यात कमी बोललं जातं. टेस्ट झालेले पक्के पॉझिटिव्ह लोक एका हॉलमध्ये एकत्र ठेवले तर चालतं, तोच आजार सगळ्यांना आहे. पण संशयित लोक एकत्र ठेवणं हे अगदी वाईट. दहा जणांपैकी दोघांना आजार असतो, आठ जणांना नसतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या आठांपैकी किती जणांना होईल सांगता येत नाही. म्हणजे ज्याला वाचवायला आणलं त्यालाच तुम्ही आजार दिला. रिपोर्ट आलेला नाही अशा प्रत्येकाला स्वतंत्र खोली पाहिजेच पाहिजे, आणि ती देता येत नसेल तर सरळ सांगा की नाही देता येत, त्याला जनरल हॉलमध्ये ढकलू नका. मी राहिले त्या सेंटरचा सगळ्यात मोठा दोष हाच होता, रिपोर्टची वाट बघणारे आणि पॉझिटिव्ह आलेले एकाच मजल्यावर, संडास एकच, मध्ये फक्त एक दोरी बांधलेली. दोरीने हवा अडते का!

आणि खोली दिली म्हणजे सुटलं असंही नाही. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये क्वारंटाईन हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्यांतल्या लोकांमध्ये संसर्ग गेला, ते एकमेकांना भेटले सुद्धा नव्हते. तपासात निघालं की स्वॅब घ्यायला एकाचं दार उघडलं, बंद केलं, आणि मिनिटभराच्या आत शेजारचं उघडलं, कॉरिडॉरला खिडकी नाही, हवा तिथल्या तिथे कोंडलेली. कॅमेऱ्याचं फुटेज आणि विषाणूचा जनुकीय क्रम दोन्ही जुळवून त्यांनी हे शोधलं, हे वाचल्यावर मी अक्षरशः सुन्न झाले होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला तर क्वारंटाईन हॉटेलमधूनच २०२० ची दुसरी लाट सुरू झाली, कंत्राटी सुरक्षारक्षकांना संसर्गापासून बचावाचं धड प्रशिक्षण नव्हतं, त्यांना लागण झाली, ती त्यांच्या घरी आणि तिथून शहरात गेली, साडेसातशेच्या वर माणसं गेली त्यात. त्याच देशात डार्विनजवळ हॉवर्ड स्प्रिंग्ज नावाचा कॅम्प आहे, गॅस प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेला, बैठ्या सुट्या खोल्या, प्रत्येकीला आपला व्हरांडा, मध्ये मोकळी हवा, एकत्र कॉरिडॉर नाहीच. हॉटेलांपेक्षा तो कितीतरी सुरक्षित ठरला. म्हणजे चकचकीत हॉटेलपेक्षा कामगारांचा जुना कॅम्प भारी पडला, आणि ते का तर फक्त हवेमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या खोलीसाठी नैसर्गिक वायुवीजन असेल तर एका पेशंटमागे सेकंदाला १६० लिटर हवा असं प्रमाण २००९ मध्येच दिलेलं आहे, तर नवीन सेंटर निवडणाऱ्या अधिकाऱ्याने आधी समोरासमोर खिडक्या आहेत का ते बघावं, एसी आणि रंग नंतर.

मेलबर्नवरून अजून एक मुद्दा, सफाई कामगार आणि गार्ड यांचा. सेंटरमधून आजार बाहेर पडतो तो पेशंटच्या पळून जाण्याने क्वचित, जास्त करून या लोकांच्या बरोबर. त्यांना नीट मास्क, नियमित टेस्ट, एकाच ठिकाणी नोकरी आणि आजारी पडले तर पगारी रजा, हे चार खर्च जो वाचवतो त्याचं सेंटर गळकं असणार.

राहण्याचा भाग. इथे लोक म्हणतात साथ चाललीय आणि तुम्हाला सोयी सुचतात. मला तर हा भाग औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. शांघायला २०२२ च्या वसंतात प्रचंड मोठ्या प्रदर्शन केंद्रात ५०,००० बेडची सोय केली, पण रात्रभर दिवे चालू, अंघोळीला जागा नाही, झोप नाही अशा तक्रारी जगभर गेल्या, आणि सुरुवातीला तर पॉझिटिव्ह आलेल्या लहान मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवलं होतं, एवढा आरडाओरडा झाला की नियम सैल करावा लागला. वुहानच्या सेंटरमध्ये नर्स आणि पेशंट मिळून नाचतानाचे व्हिडिओ आले होते ते काही जणांनी हसण्यावारी नेले, पण त्या फांगत्सांगच्या कामांच्या यादीतच राहणीमान आणि एकमेकांत मिसळणं हे एक काम म्हणून धरलेलं होतं, वेगळं ठेवणं, छाननी, प्राथमिक उपचार, सतत तपासणी आणि वेळेवर पुढे पाठवणं यांच्या बरोबरीने. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. आत असताना माणसाला सगळ्यात जास्त काय लागतं माहितीये? चार्जिंगचा पॉइंट. प्रत्येक बेडला एक. फोन चालू आहे तोवर घर आहे, आई आहे, ऑफिस आहे. आमच्याकडे अख्ख्या ओळीला एकच बोर्ड होता आणि त्यावरून भांडणं व्हायची, एका मुलीला तर आईचं शेवटचं बोलणं त्या बोर्डामुळे हुकलं, ते मला आयुष्यभर विसरता येणार नाही. शंभर एक्स्टेन्शन बोर्ड आणायला काय लागतं? बायकांसाठी वेगळा भाग, आतून लागणारी कडी, रात्री मंद दिवा, पॅडची सोय, हे मागायला लागू नये, आधीच असावं.

दिसणं आणि बोलणं किती मोलाचं आहे ते इबोलात कळलं. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया, तिथल्या वेस्ट पॉइंट वस्तीत ऑगस्ट २०१४ मध्ये एका शाळेत संशयितांचं केंद्र काढलं, वस्तीला विश्वासात न घेता, आणि लोकांनी ते फोडलं, पेशंट पळाले, गाद्या सुद्धा नेल्या. लोक अडाणी म्हणून झालं असं म्हणणं मला पटत नाही. आत गेलेला माणूस परत दिसत नव्हता, काय चाललंय कोणी सांगत नव्हतं, मग भीती वाटणारच. पुढे २०१८ मध्ये काँगोच्या साथीत अलिमा या संस्थेने पारदर्शक भिंतींची खोली वापरायला सुरुवात केली, घरचे बाहेर उभे राहून पेशंटला बघू शकतात, बोलू शकतात, डॉक्टर भिंतीतल्या हातमोज्यांतून उपचार करू शकतात. प्लास्टिकची भिंत आहे ती फक्त, पण आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. हे ज्याच्या डोक्यात आलं त्याला माझा मनापासून नमस्कार.

आपल्याला तर हे कळायला इतकं लांब जायची गरजच नव्हती खरं तर. १८९७ चा पुण्याचा प्लेग. प्लेगसाठी नेमलेला इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसायचे, माणसं उचलून कॅम्पात न्यायचे, आणि लोक पेशंट लपवायला लागले. आणि त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना काढला, सावित्रीबाई स्वतः पेशंटना तिथे आणत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दोन्हीकडे आजारी माणसाला वस्तीबाहेरच नेत होते. एकीकडे बंदूक होती, दुसरीकडे उचलून नेणारी ओळखीची बाई होती. मला विचाराल तर सेंटरला माणसं आणायला पोलीस पाठवू नका, वस्तीतली आशाताई, शिक्षक, आधी बरा होऊन आलेला शेजारी यांना पाठवा.

पैशाचं बोलायलाच हवं. हातावर पोट असलेल्याला तुम्ही दहा दिवस आत ठेवणार आणि घरी चूल कशी पेटणार ते बघणार नाही, मग तो टेस्ट का करेल? तैवानने क्वारंटाईनमधल्या माणसाला दिवसाला १,००० तैवानी डॉलर दिले. सिंगापूरनेही स्वतःचा धंदा असणाऱ्यांना दिवसाला १०० सिंगापूर डॉलर भत्ता ठेवला होता. हे दान नव्हे, समाजासाठी तो माणूस काम सोडून बसलाय त्याची मजुरी आहे ती. ज्या सेंटरबरोबर मजुरी मिळत नाही त्याचा एक गुण मी कापते, बाकी सगळं चांगलं असलं तरी.

आता ही सेवा कधी कामाची नाही ते पण प्रामाणिकपणे. सगळ्या आजारांना सारखी लागू पडत नाही. २००३ च्या सार्समध्ये माणूस आजारी दिसायला लागल्यावरच, तेही दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यात जास्त पसरवायचा, म्हणून ताप आलेल्याला लगेच वेगळं केलं की साखळी तुटायची, आणि ८,०९६ केसेस आणि ७७४ मृत्यूंवर ती साथ जुलै २००३ मध्ये आटोक्यात आली. कोविडमध्ये लक्षणं यायच्या एक दोन दिवस आधीपासूनच माणूस पसरवतो, त्यामुळे सेंटर एकटं पुरत नाही, संपर्कातल्या लोकांना पण शोधावं लागतं आणि रिपोर्ट त्याच दिवशी यावा लागतो. रिपोर्टला चार दिवस लागणार असतील तर सेंटरचा अर्धा उपयोग तिथेच गेला. आणि ओमिक्रॉन आला तेव्हा तो इतक्या वेगाने पसरत होता की माणूस सेंटरला पोचेपर्यंत पुढच्यांना देऊन झालेलं असायचं, त्यावेळी मोठमोठी सेंटरं रेटत राहणं मला चुकीचंच वाटतं. साथीच्या सुरुवातीला, लस नसताना, आकडे शेकड्यांत असताना याचा खरा उपयोग. म्हणजे जागा, जोडलेलं हॉस्पिटल, माणसांची यादी हे साथ नसताना ठरवून ठेवायला हवं, आणि नेमकं तेव्हाच त्यासाठी पैसे मागितले की सगळे दुसरीकडे बघतात, याचा मला भयंकर राग येतो.

कोणी जावं? घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, डायलिसिसवाला किंवा कॅन्सरचे उपचार चाललेला कोणी असेल आणि वेगळी खोली अधिक वेगळा संडास नसेल, तर सरळ जा, विचार करत बसू नका. एकटे राहत असाल तरी जा, रात्री ऑक्सिजन उतरला तर बघायला कोणीतरी हवं. ज्यांच्याकडे खोली, संडास, खिडकी, ऑक्सिमीटर आणि दाराबाहेरून काळजी घेणारं माणूस हे सगळं आहे त्यांनी घरी राहिलं तर बेड दुसऱ्याला मिळेल. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईसह ठेवणार का हे आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर दुसरं सेंटर शोधा. दारात अजून तीन गोष्टी विचारा: रिपोर्ट न आलेले लोक कुठे ठेवता, रात्री तपासायला कोण येतं, आणि बिघडलं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार. तिसऱ्याचं उत्तर "बघू" असं आलं तर मी तिथे राहणार नाही. जाताना चार्जर, रोजच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, जुने रिपोर्ट आणि घरच्या दोन जणांचे नंबर कागदावर लिहून न्या, फोन बंद पडला तर पाठ कोणाचाच नसतो. आणि सुट्टी देताना डिस्चार्जचा कागद मागून घ्या, पुढच्या ऑक्सिमीटर तपासण्या कधी आणि कोणाला कळवायच्या ते त्यावर लिहून घ्या, कारण काही जणांना त्रास घरी परतल्यावर सुद्धा सुरू होतो.